हलक्या वजनाचा माणूस

केस कापायला जायच्या आधी तो वजन करायचा आणि कापून आला की परत करायचा. काट्यावरून उतरला की खेदानं मान हलवायचा. "केसांना काहीच वजन नसतं," असं मला सांगायचा, आणि तेही अशा सुरात की न्हाव्यानंच त्याला फसवलं असावं. नखं कापली तरी तेच. एकदा सर्दी झाली होती तर म्हणाला, छान आहे, नाकावाटे काहीतरी जातंय.

मी फोडणी टाकली की तो वरच्या खोलीतून खाली यायचा, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. मोहरी, हिंग, कढीपत्ता. सगळं नाकात भरून घ्यायचा, मग हात जोडून जपानीत दोन शब्द म्हणायचा आणि वर निघून जायचा. परदेशात फोडणी टाकणाऱ्याच्या मनात चोर असतोच. मला वाटलं, वासाची तक्रार करतोय, म्हणून मी बिचारा खिडक्या उघडायचो, चिमणी मोठी करायचो. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्या शब्दांचा अर्थ 'जेवण झालं, आभारी आहे' असा होतो. तो जेवूनच जात होता, वासावर.

मी मूळचा नागपूरचा. काम डब्लिनला, बॉल्सब्रिजमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि खोली मिळाली ती शेजारच्या किल्डेअर परगण्यातल्या नास गावी. घरमालक एक आयरिश म्हातारा, शेजारच्याच गल्लीत राहायचा आणि गावातल्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. किल्ली देताना म्हणाला, "युअर मॅन वर राहतो. बॉक्सर आहे, पण त्याचा काही त्रास नाही." मी म्हटलं, माझा माणूस? मी तर आत्ता कुठे बॅग ठेवली. पुढे कळलं की इथे कुठल्याही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात. पण म्हाताऱ्यानं त्या दिवशी जो माझ्या गळ्यात घातला तो घातलाच.

बॉक्सर म्हटल्यावर मी दारातून आडवा जाणारा गडी शोधत होतो. जिन्यावरून उतरला तो माझ्या खांद्याला येणारा, आठवीतल्या मुलाच्या मापाचा शर्ट घातलेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस. एक कान चुरगळलेला. त्यानं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि अस्सल किल्डेअरच्या उच्चारात म्हणाला, "हाऊ आर यू, ग्रँड?"

वजन पन्नास किलोच्या आतबाहेर. बॉक्सिंगमधले सगळ्यात हलके गट ते. जपानात या वजनाच्या लढवय्यांना तोटा नाही. तिथे तो विशीच्या आत व्यावसायिक झाला, जिंकत वर चढला आणि एकदा राष्ट्रीय किताबासाठी लढला. त्यात गुणांवर हरला, तेही अगदी थोडक्यात. मग वय झालं. त्या काळी तिथे ठरावीक वयानंतर लढायचा परवाना सहसा मिळत नसे. पोट भरायला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. म्हाताऱ्याशी त्याची कुठल्याशा स्पर्धेत ओळख झाली होती, तेवढ्या आधारावर तो आयर्लंडला आला.

आणि इथे येऊन पाहतो तर काय, त्याच्या वजनाचा माणूसच सापडेना. सगळे दणकट, लोण्याबटाट्यावर पोसलेले. महिनोन्महिने लढत मिळायची नाही, आणि मिळाली की फोन यायचा आयत्या वेळी: ग्लासगोला कुणाचा तरी जोडीदार आजारी पडलाय, येतोस का? लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर गटाच्या वजनात बसावं लागतं, त्यामुळे त्याला बारा महिने त्या काठावर राहावं लागे. पावसात, उन्हात, घाम निघावा म्हणून अंगावर कचऱ्याची काळी पिशवी भोकं पाडून घातलेली, वर दोन स्वेटर, आणि हा कालव्याच्या काठानं पळतोय. नासमधल्या बायका बाबागाडी थांबवून त्याला वाट द्यायच्या.

बोलावणारे त्याला बोलवायचे ते आपल्या नव्या पोराला एक विजय मिळावा म्हणून. सभागृह त्या पोराचं, बँड त्याचा, पोस्टरवर फोटोही त्याचाच. मी एकदा स्पष्टच विचारलं, "तुला हरायला बोलावतात हे माहीत असतं ना तुला?"

"त्यांना माहीत असतं," तो म्हणाला. "मला नसतं."

पोटासाठी तो रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात काम करायचा. किल्डेअरमध्ये माणसांपेक्षा घोड्यांचे लाड जास्त. तिथले जॉकी हीच अख्ख्या आयर्लंडमधली त्याच्या मापाची आणि त्याच्यासारखीच उपाशी माणसं. ते सगळे मिळून गरम वाफेच्या खोलीत घाम काढत बसायचे आणि एकमेकांना जेवणाच्या गोष्टी सांगायचे. कुणी आजीच्या हातचा ॲपल पाय सांगायचा, कुणी लोण्यात परतलेले सॉसेज. हा माझ्या फोडणीची गोष्ट सांगायचा. पुढे एका जॉकीनं मला दुकानात गाठून विचारलं, "तूच तो मोहरीवाला का?"

माझीही खोली वरच, तिची भिंत त्याच्या खोलीला लागून होती. रोज सकाळी आंघोळ झाली की पलीकडून पुटपुटणं ऐकू यायचं, एका लयीत, न थांबता. मला वाटलं, आहे काहीतरी स्तोत्र. विचारलं तर म्हणाला, नावं आहेत. ज्यांच्याशी ज्यांच्याशी लढलो, त्यांची, पहिल्यापासून. "मी त्यांना मारलं, त्यांनी मला मारलं. आठवण ठेवायला नको?" शेजारच्या घरातली आरती कानावर पडून पडून पाठ होते, तशी मला ती नावं पाठ झाली. अर्धी जपानी, मग दोन-चार फिलिपिनो, मग स्कॉटिश, इंग्लिश, बेलफास्टची. किताबाच्या लढतीत ज्यानं त्याला हरवलं त्याचं नाव मधोमध यायचं आणि त्याच्या आधी तो एक श्वास घ्यायचा.

एका सकाळी तो श्वास आला आणि नाव आलं नाही. पुढचंच आलं. मी दात घासत होतो, ब्रश तोंडात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी श्वासही गेला. संध्याकाळी मी त्याच्यासमोर ते नाव उच्चारलं. त्यानं जरा विचार केला आणि नम्रपणे विचारलं, "तुझ्या ऑफिसात आहे का तो?"

मी म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याला धरून तपासणीला नेलं, बरोबर मीही. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो पडद्यावर लावले आणि आम्हा तिघांना समजेल अशा शब्दांत सांगितलं: वर्षानुवर्षांचा मार आत साठलाय. आता एकही ठोसा नको. पुढची लढत कदाचित घरी परतू देणार नाही, आणि परतू दिलं तरी हा माणूस म्हणून नाही. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ग्रँड."

या ग्रँडनं मला फार छळलंय. इथे ग्रँड म्हणजे छान, ग्रँड म्हणजे नको, ग्रँड म्हणजे पुरे, आता गप्प बसा. कुठला ग्रँड आहे हे कळायला आयर्लंडमध्ये जन्मावं लागतं. त्याचा त्या दिवशीचा ग्रँड मात्र मला लगेच कळला, कारण पुढच्याच आठवड्यात त्यानं लढत घेतली. इथला परवाना गेला होता, म्हणून युरोपच्या दुसऱ्या टोकाच्या एका शहरात, जिथे कागद फारसे कुणी बघत नव्हतं. समोर घरचा लाडका पोरगा, जेमतेम बाविशीचा.

"मागच्या लढती हरलोय," तो म्हणाला. "हरून थांबता येत नाही. एक जिंकतो, मग थांबतो."

म्हातारा भडकला. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात बॉक्सर ज्या कोपऱ्यात येऊन बसतो, तिथे पाणी द्यायला आणि रक्त पुसायला त्याचा एक माणूस उभा लागतो. म्हातारा म्हणाला, "मी तुझ्या कोपऱ्यात उभा राहणार नाही. तुला मरताना बघायला मी हा धंदा केला नाही." हा म्हणाला, मग एकटा जाईन, तिथलाच कुणीतरी उभा राहील. मीही नको नको ते बोललो. अरे, मेंदूचं भजं होईल तुझं, असंही म्हणालो. तो ऐकून घेत होता आणि लिंबाच्या फोडीचा वास घेत होता. आम्हा दोघांपैकी कुणालाच त्याला थांबवता येईना.

त्याच दिवसांत माझी आई आली होती, नागपूरहून. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि त्यानं तिचं काही अडत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं त्याला फोडणीचा वास घेऊन परत जाताना पाहिलं. "कावून रे," मला म्हणाली, "हे पोट्टं जेवत कावून नाई? कोनाचं काई सुतक हाये का?" मी वजनाचं सगळं प्रकरण समजावलं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे उपास हाये. असं सांग ना मंग." उपास तिला समजत होता. त्यानंतर तिनं त्याला एकदाही जेवायचा आग्रह केला नाही, आणि आग्रहातून तिनं जन्मात कुणाला सोडलं नव्हतं. तो कामावरून आला की उकळून गार केलेलं पाणी घोटभर पुढे करायची. तो तिला आई-सान म्हणायचा. त्याच्या भाषेत 'आई' म्हणजे प्रेम, असं त्यानं मला सांगितलं. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग त्यात नवीन काय हाये?"

डॉक्टरांचं मी तिला बोललो नव्हतो. म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर, म्हणून. तिला एवढंच ठाऊक होतं की पोरगा लढायला परदेशी निघालाय.

दसरा आला कामाच्या दिवशी. आईनं पहाटे उठून दिवाणखान्यातल्या टेबलावर पूजा मांडली. पाट नव्हता, म्हणून पांढऱ्या उशीचा अभ्रा अंथरला. त्यावर माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि जिन्याखालच्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, काढून आणलेले त्याचे सरावाचे लाल ग्लव्ह्ज. ते तिनं ओल्या फडक्यानं पुसले होते. सुपरमार्केटात झेंडू कुठला मिळायला? कुंडीत पिवळी-पांढरी शेवंती मिळाली, ती वाहिली. उदबत्तीचं घर नव्हतं, म्हणून वाटीभर तांदळात उदबत्ती उभी खोचली. हत्यारांची पूजा झाली की त्या दिवशी हत्यार हलवायचं नसतं. पण मला नऊला मीटिंग होती, म्हणून मी लॅपटॉप काढून घेतला, आणि गाडी हलवायची म्हणून किल्लीही. आई पुटपुटली, "एक दिवस तं दम धरा." अभ्र्यावर उरले ते ग्लव्ह्ज.

मी मीटिंग उरकून खाली आलो तर तो टेबलासमोर गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात जोडून. चेहरा ओला. आई स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचा हात तसाच धरून उभी होती, घाबरलेली.

"तुझ्या आईनं या ग्लव्ह्जचं सगळं नीट केलंय," तो मला म्हणाला. "पांढरं कापड. ही फुलं. तांदळात उभी उदबत्ती. आमच्याकडे गेलेल्या माणसाला असंच करतात." तो थांबला, मग म्हणाला, "माझी आई शिवणकाम करायची. तुटलेल्या सुया ती फेकायची नाही. हिवाळ्यात एक दिवस त्या देवळात न्यायची आणि मऊ टोफूच्या तुकड्यात खोचायची. जन्मभर कडक कापडातून गेल्या, शेवटी तरी मऊ जागा मिळू दे, म्हणून. त्यांना थँक यू म्हणायची. डॉक्टर म्हणाली थांब. म्हातारा म्हणाला थांब. तूही म्हणालास. माझ्या ग्लव्ह्जना थँक यू कुणी म्हटलं नाही. तुझ्या आईनं म्हटलं."

मी शेवंतीकडे बघितलं, वाटीतल्या तांदळाकडे बघितलं. आमच्याकडे शेवंती देवीची, त्याच्याकडे मयताची.

"काय म्हनते थो?" आई विचारत होती. "रडते कावून? त्याले सांग, म्या त्याच्यासाठीच पूजा मांडली. जिंकून ये म्हना."

दोघंही माझ्याकडे बघत होते. त्या घरात दोघांशीही बोलता येणारा मी एकटाच होतो. मी त्याला म्हटलं, "आई म्हणते, खूप लढलास. आता विसावा घे."

आज विचारलंत तरी मी तेच बोलेन.

तो उठला आणि आईच्या पायांशी वाकला. आई गोंधळली, पुरणाचा हात लागू नये म्हणून मनगटानंच त्याच्या डोक्याला स्पर्श केला आणि म्हणाली, "औक्षवंत हो बाप्पा." मग त्यानं खुर्ची ओढली आणि ताटासमोर बसला. पुरणपोळी, वर तूप, वरणभात. खाली मान घालून, एकेक घास चावत तो जेवला. त्याला जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई वाढत राहिली.

तिला मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. मेंदूचं, डॉक्टरांचं, शेवंतीचं, सगळं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "म्या त्याले जिंकाले पाठवत होती," म्हणाली, "अन् पोट्टं मराले चाललं होतं." मग डोळे पुसून म्हणाली, "त्याले नोको सांगू काई. देवीले समजते कोनती पूजा कायची ते."

ती लढत झाली नाही. म्हणजे झाली, दुसराच कुणीतरी पाहुणा गेला आणि हरला. म्हाताऱ्याला मी सगळी हकिकत सांगितली तर तो दुकानात गेला आणि माझ्या आईसाठी एवढा मोठा केक घेऊन आला. दोघं समोरासमोर बसून, एकमेकांचं अक्षरही न समजता, चहा प्यायले.

आम्हाला वाटलं, वाचवला. आई परत गेली. त्याचे गाल जरा भरले, तो तबेल्यात जायचा, रविवारी माझ्याबरोबर पोहे खायचा. पण सकाळची नावं कमी कमी होत गेली. आधी मधली गेली, मग शेवटची. वर्षभरात जपानातली पहिली चार-पाच राहिली आणि मग भिंतीपलीकडे नुसती शांतता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे आत साठलं होतं ते साठलेलंच होतं. तुम्ही त्यात भर पडू दिली नाहीत, एवढंच. एवढंच, म्हणाल्या. मला गाडीत बसून रडू आलं, त्या एवढंचवर.

एका सकाळी तो कालव्याकाठी सापडला, काळी पिशवी घातलेला, घराचा रस्ता विसरलेला. जपानात त्याची एक बहीण आहे, तीही आजारी. फोनवर ती इतक्या वेळा सॉरी म्हणाली की मीच फोन आवरता घेतला. आता तो नासच्या बाहेर एका शुश्रूषागृहात आहे. जागा चांगली आहे, खिडकीतून घोडे दिसतात.

या हिवाळ्यात तिथून मला फोन आला. तो खात नाहीये. तोंड मिटून घेतो, पाणीही नको म्हणतो, लाळ कागदी रुमालात थुंकत बसतो. मी गेलो. ओठ फुटलेले, मनगटं काडीसारखी. मला बघून खूश झाला. माझं नाव त्याला आठवलं नाही, पण मी आपला आहे हे ठाऊक होतं. हळूच म्हणाला, "आज वजन आहे. संध्याकाळी. थोडंसंच उरलंय."

नर्स म्हणाली, "रोज हेच. आम्ही सांगतो, लव्ह, बॉक्सिंग संपलं आता. पण ऐकत नाही."

मी त्याच्याशेजारी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तू थांबलास. तुझ्या ग्लव्ह्जना निरोप दिला आपण, माझ्या आईनं. तो माझ्याकडे बघत राहिला. "मी थांबलो?" त्यानं विचारलं. "कधी? जिंकून?" त्याला ते त्याच क्षणी, नव्यानं कळत होतं. मघाशी मला बघून खुललेला चेहरा सगळा विझला. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यानं काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो तेव्हा हे सगळं तो विसरला होता आणि पुन्हा वजनाची वाट बघत होता.

मी नर्सला म्हटलं, तुमच्याकडे खुर्चीचा वजनकाटा असतो ना, तो आणा. आम्ही दोघांनी त्याला त्यावर बसवलं. त्यानं पाय उचलून धरले, श्वास रोखला. आकडा असा की तबेल्यातला कुठलाही जॉकी त्याच्यापेक्षा भारी होता. मी मोठ्यानं म्हटलं, "बसलं. वजनात बसलास तू."

त्यानं श्वास सोडला. हलक्या गटातल्या माणसाचं खरं जेवण वजन दिल्यानंतर असतं; लढत दुसऱ्या दिवशी. नर्सनं सूप आणलं. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तळाशी जाईपर्यंत खाली ठेवला नाही. मग ब्रेड, मग कुस्करलेला बटाटा. खाता खाता मधेच थांबून विचारलं, "उद्या ना?"

ज्या लढतीपासून आम्ही त्याला इतक्या जिवापाड सोडवलं, ती आता मलाच त्याच्या हातात द्यावी लागते, नाहीतर तो उपाशी मरेल. मी एक दिवसाआड जातो. माझी पाळी नसेल तेव्हा म्हातारा जातो. काटा आणतो, वजन करतो, बसलं म्हणतो. तो जेवतो आणि दर वेळी एकच विचारतो, "उद्या माझ्या कोपऱ्यात कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणतो.

मग तो उरलेला घास घेतो.